खोट्या घड्याळाचा हॉल

हॉलच्या दाराबाहेर भिंतीला लाकडी कप्पे ठोकले होते. आत जाण्याआधी प्रत्येकाने मनगटावरचं घड्याळ आणि खिशातला मोबाइल आपापल्या कप्प्यात ठेवायचा, बुटांवर निळी प्लॅस्टिकची खोळ चढवायची, आणि मगच दार ढकलायचं. आत भिंतीवर घड्याळ नव्हतं. संगणकांच्या पडद्यावर कोपऱ्यात जी वेळ दिसते, तिच्यावरही कुणीतरी काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती.

वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी कॉलेजातून आलेली ती मुलगी पहिल्या दिवशी तिथे थबकली. तिच्याआधी दोन महिने तशाच प्रशिक्षणावर आलेला एक उंच मुलगा दारात उभा होता. त्याला सगळे लंबू म्हणत.

"आत एकच घड्याळ आहे, प्रयोगाचं," तो म्हणाला, "आणि ते खोटं आहे."

"बिघडलंय?"

"बिघडलं असतं तर दुरुस्त नसतं केलं? मुद्दाम खोटं लावलंय. पुढे आहे की मागे, किती आहे, ते फक्त घड्याळबाईंना ठाऊक. त्यांना विचारून बघ. चहा पाजतील, पण सांगणार नाहीत."

घड्याळबाई पलीकडच्या इमारतीत बसत. या गटाशी त्यांचा कागदोपत्री काही संबंध नव्हता, आणि म्हणूनच हे काम त्यांच्याकडे होतं. कॅन्टीनमध्ये त्या नेहमी दूरच्या टेबलावर एकट्या जेवायच्या. एकदा गटाच्या गाइड सरांनी फार आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, "नको हो. तुम्ही आकड्यांबद्दल बोलाल आणि माझ्या भुवया हलतील."

हे सगळं कशासाठी, ते सरांनी तिला समजावून सांगितलं. सर मऊ बोलायचे, पण एकदा बोललेलं पुन्हा बोलायचे नाहीत. "माणसाला हवं ते उत्तर आलं की माणूस तपासणं थांबवतो. नको ते आलं की तपासत बसतो. आपण फार प्रामाणिक असतो असं नाही गं. म्हणून उत्तरच झाकून ठेवायचं. घड्याळ थोडं खोटं असलं की पडद्यावर येणारं उत्तरही थोडं खोटं येतं. सगळी तपासणी संपली, आता कुणी काही बदलणार नाही असं ठरलं, की बाई येऊन घड्याळ कितीने खोटं होतं ते सांगतात. मग खरं उत्तर निघतं. त्याला आम्ही पडदा उघडणं म्हणतो."

तिला ते लगेच पटलं. नेमधर्माच्या घरात वाढलेल्या मुलीला न बघण्याचा नेम समजायला वेळ लागत नाही.

तिचं घरचं नाव चिमी. एकदा कॅन्टीनमध्ये आईचा फोन चुकून स्पीकरवर लागला, "चिमे, जेवलीस का?" असा आवाज चार टेबलांवर गेला, आणि तेव्हापासून ती सगळ्यांचीच चिमी झाली. सरसुद्धा विसरून तसं म्हणायचे.

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आईचा नेम जुना होता. दिवेलागणीला दिवा लावायचा, प्रार्थना पूर्ण म्हणायची, आणि मगच तोंडात घास. दिवा लागल्यापासून शेवटचं कडवं संपेपर्यंत दुसरा शब्द बोलायचा नाही. चिमीला बोलता येऊ लागलं तेव्हापासून मायलेकी ती एकत्र म्हणत. चिमी इकडे आली त्या पहिल्या संध्याकाळी आई एकटी बसली आणि मध्येच अडकली.

"इतक्या वर्षांचं पाठ, आणि विसरले गं," आई फोनवर म्हणाली होती. "तुझा आवाज नाही ना, मग पुढचं कडवं सापडेचना."

त्या रात्री आई तशीच उपाशी झोपली, हे चिमीला शेजारच्या काकूंकडून कळलं. दुसऱ्या दिवसापासून दोघी फोनवर म्हणू लागल्या. फोन उचलला की हॅलोसुद्धा नाही, थेट पहिलं कडवं. गप्पा नंतर.

"तिथे तुम्ही करता तरी काय दिवसभर?" आई एकदा म्हणाली.

"न्यूट्रॉन किती वेळ जगतो ते मोजतो."

"म्हणजे?"

"अणूच्या आत असतो ना, तिथे तो टिकून राहतो. पण एकदा बाहेर पडला, एकटा पडला, की साधारण पंधरा मिनिटं. मग तो मोडतो."

"घरात असला की काही होत नाही आणि बाहेर पडला की संपतो?"

"सरासरी, आई."

"बिचारा," आई म्हणाली, आणि थोडं थांबून, "तू स्वेटर घालतेस ना?"

काम खरंच तेवढंच होतं. न्यूट्रॉन इतके मंद करून आणायचे की माणूस धावेल तेवढ्याच वेगाने ते यावेत. मग मोठ्या न्हाणीच्या टबासारख्या भांड्यात ते सोडायचे. टबाच्या भिंतींत चुंबकं बसवलेली असत, त्यामुळे न्यूट्रॉन भिंतीला न टेकता आतल्या आत उसळत राहत. टब भरला की झडप खट्कन बंद होई. मग वाट पाहायची. कधी थोडी, कधी बरीच. ठरलेली वेळ झाली की झडप उघडे आणि किती उरले ते मोजलं जाई. उरलेल्यांवरून आयुष्य काढायचं. हेच मोजण्याची दुसरीही एक रीत आहे, न्यूट्रॉनचा झोत वाहता ठेवून मोजण्याची, आणि दोन्ही रीतींची उत्तरं कित्येक वर्षं एकमेकांशी जुळत नव्हती. नऊ-दहा सेकंदांचं भांडण. तेवढ्यासाठी जगभर माणसं केस पिकवून बसली होती.

लांबची वाट पंचवीस मिनिटांची असे, अर्थात खोट्या घड्याळाची पंचवीस. तेवढ्यात हॉलमध्ये कुणी जड वस्तू हलवायची नाही, काही चालू-बंद करायचं नाही. लंबू भिंतीला टेकून डुलक्या काढायचा. सर काँक्रीटच्या ठोकळ्यांमधल्या बोळातून येरझाऱ्या घालायचे. चिमी लोखंडी जिन्याच्या पायरीवर बसून मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची. त्यात भक्ती किती होती हे तिलाही सांगता आलं नसतं. हात रिकामे असले की ओठ आपोआप तिकडे वळत, आणि वळले की आईचा आवाज सोबतीला यायचा. आई कुठे श्वास घेते, कुठल्या कडव्यावर जरा रेंगाळते, सगळं जसंच्या तसं.

असं वर्ष सरत आलं. मोजणी पुरी झाली. आलेल्या आकड्यांची छाननी चिमीकडे होती, आणि ती तिने इतक्या निगुतीने केली की सरांनी एक दिवस सगळ्यांसमोर सांगितलं, "पडदा उघडायचा तुझ्या शेवटच्या आठवड्यात. बाई फरक सांगतील, तो आकडा तू भरायचास आणि कळ तू दाबायचीस. सगळ्यात लहान माणसाने दाबायची असते."

"असं काही नसतं," लंबू म्हणाला. "सर आत्ता बनवतायत."

"मग आत्तापासून असतं," सर म्हणाले.

त्या दिवसापासून चिमीला दुसरं काही सुचेना. बैठकीची ती छोटी खोली तिने किती वेळा डोळ्यांसमोर आणली असेल. टेबलाची एक कड उडालेली, भिंतीवर पडदा, मागे खुर्च्या कमी म्हणून उभी राहिलेली माणसं. आपण कुठे उभं राहायचं, कळ दाबल्यावर आधी पडद्याकडे बघायचं की सरांच्या तोंडाकडे, हेसुद्धा ती ठरवून बसली होती. जगात अजून कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट पहिल्यांदा कळेल, आणि ती कळताना आपण त्या खोलीत असू. एवढंच तिला हवं होतं. अंथरुणावर पडल्यावर ती खोली ती पुन्हा पहिल्यापासून उभी करायची.

आणि मग ती संध्याकाळ आली. कपड्यांना इस्त्री करायची राहिली होती म्हणून तिने फोन कानाला न लावता स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडे आईने दिवा लावला असावा. दोघींनी पहिलं कडवं सुरू केलं. इस्त्री करता करता प्रार्थना संपली. शेवटच्या ओळीवर चिमीने सहज खाली पाहिलं. फोन लागल्यापासून किती वेळ झाला ते पडद्यावर दिसत होतं.

पंचवीस मिनिटं.

हॉलमध्ये तिची प्रार्थना संपे आणि झडप लगेच उघडत नसे. तिला आणखी एक कडवं म्हणायला पुरेल इतका वेळ असे. पहिलं कडवं पुन्हा घेऊन ती ते भरून काढायची, आणि त्याच्या शेवटाला झडप खट्कन वाजायची. कितीतरी महिने हेच चाललं होतं. तिने कधी त्याचा विचार केला नव्हता. आज करायची इच्छाही नव्हती, पण कळणं काही हाताने धरून थांबवता येत नाही. खऱ्या पंचवीस मिनिटांत फक्त प्रार्थना मावते. त्या घड्याळाच्या पंचवीस मिनिटांत एक कडवं जास्त मावतं. म्हणजे ते घड्याळ मागे पडतं. म्हणजे खरं उत्तर पडद्यावरच्या उत्तराहून मोठं.

"काय गं, गप्प का झालीस?" आई म्हणाली.

"काही नाही."

"इस्त्री जळतेय का कुठे? वास आल्यासारखं बोलतेयस."

तिने इस्त्री उचलून बाजूला ठेवली. बाही खरंच थोडी पिवळी पडली होती.

फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा म्हणून बघावं, नीट वेळ लावून, असं तिला फार वाटलं. कदाचित आपलाच गोंधळ झाला असेल. पण तपासून खात्री करून घेणं म्हणजे झाकलेल्या भांड्यावरचं झाकण स्वतःच्या हाताने काढणं. ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी छाननीतला एकच निर्णय उरला होता. काही दिवस टबाजवळ उष्णता वाढली होती. त्या दिवसांचे आकडे ठेवायचे की गाळायचे? कालपर्यंत चिमीने तो निर्णय फक्त उष्णतेचा आलेख बघून घेतला असता. आज गाळले तर उत्तर कुठे सरकेल, आणि ते दोन रीतींपैकी कुणाच्या बाजूला जाऊन बसेल, याचा अंदाज तिला होता. आलेख तोच होता, पण तिला तो आता सरळ वाचता येईना. ठेवावेत असं वाटलं की मनात यायचं, तुला ते उत्तर हवंय म्हणून. गाळावेत असं वाटलं की पुन्हा तेच.

जेवताना तिने लंबूला सांगितलं. घड्याळ कुठल्या बाजूला खोटं ते नाही, फक्त प्रार्थनेवरून आपल्याला कळलंय एवढंच.

तो आधी हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "प्रार्थनेने घड्याळ तपासलंस? अगं, तुझी प्रार्थना म्हणजे काय स्टॉपवॉच आहे? एखाद्या दिवशी भूक लागली असेल, भराभर म्हटली असशील."

"आईबरोबर भराभर म्हणता येत नाही रे. ती मागे राहते. मग आपल्याला थांबावं लागतं. सवयच तशी लागलीय."

"पण आई हॉलमध्ये नसते."

"असते," चिमी म्हणाली.

लंबूने पोळीचा तुकडा ताटात नुसता फिरवला. "सांगितलंस तर काय होईल माहितीय ना? घड्याळ नव्याने लावतील. पुन्हा मोजणी. टबात न्यूट्रॉन आणणारा झोत आता बंद होणार, तो सुरू होईपर्यंत तू गेलेली असशील. आणि नाही सांगितलंस तर कुणाला कधीच कळणार नाही. तुझ्या डोक्यात काय गुणगुणतं ते कुणी बघायला येतंय?"

"माहीत आहे."

"मग?"

तिला कळ दाबायची होती. त्या खोलीत असायचं होतं. या दोन गोष्टी तिला इतक्या हव्या होत्या की ती जेवायचं विसरली. पण ती अशी नुसती बघत बसली आणि पडदा उघडला, तर त्या खोलीतलं सगळ्यांचं आश्चर्य खरं असेल आणि तिचं एकटीचं सोंग. तसं उभं राहायला तिला जमलं नसतं.

दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. बोलायला सुरुवात केली तसा सरांनी तळहात वर केला.

"थांब. मागे आहे की पुढे, ते मला सांगू नकोस. कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. कळलंय एवढंच लंबूला सांगितलं."

"बरं केलंस." सर हसले नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि घड्याळबाईंना बोलावून घेतलं.

बाई आल्या, चिमीला जिन्याच्या वळणावर घेऊन गेल्या आणि कान पुढे केला. चिमीने हळूच सांगितलं. बाईंचा चेहरा पाटी पुसल्यासारखा कोरा राहिला. इतक्या वर्षांची सवय होती ती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक कडवं."

"सेकंदांत सांग."

"सेकंद मी मोजले नाहीत, मॅडम. मोजायचेच नव्हते."

बाई जरा मागे सरकल्या. "हे बरोबर की चूक, ते मी तुला सांगणार नाही. आज नाही, उद्या नाही."

"हो."

"आणि ते घड्याळ मी आता बदलणार आहे. उगाच म्हणून बघू नकोस." मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी कोण असतं?"

"आई."

"हं," बाई म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

लंबूने सांगितलं होतं तसंच झालं. घड्याळ नव्याने खोटं करायचं, झोत परत सुरू झाला की नवी मोजणी घ्यायची, आणि छाननीचे सगळे निर्णय लंबूने घ्यायचे, त्याचं एकदा वाढवलेलं प्रशिक्षण आणखी काही महिने वाढवून. पडदा उघडणं पुढे गेलं. दाराबाहेरच्या नियमांत एक ओळ वाढली, हॉलमध्ये लयीत काही म्हणू अथवा गुणगुणू नये, मनातसुद्धा. "आता दाराशी मनाची झडती घेणार का?" लंबू म्हणाला, पण त्याचा सूर नेहमीसारखा लागला नाही.

आणखी थांबता येईल का, म्हणून चिमीने कॉलेजात फोन करून पाहिला. परीक्षेआधीची प्रात्यक्षिकं बुडवता येणार नाहीत, असं तिकडून सांगितलं. आवाज चांगल्या माणसाचा होता. तो सॉरीसुद्धा म्हणाला.

"शोधनिबंध छापून येईल तेव्हा नाव असेल तुझं," शेवटच्या दिवसांत सर एकदा म्हणाले. "वर लेखकांत असेल, खाली आभारांत नाही."

"नाव नको होतं, सर," ती म्हणाली. "मला खोलीत असायचं होतं."

सर खिडकीशी गेले. खिडकीचा पडदा सरळ असतानाही त्यांनी तो ओढून सरळ केला.

उरलेले दिवस ती नव्या मोजणीयंत्राचे भाग धुण्याच्या कामावर होती. दोन-दोन हातमोजे, डोक्याला जाळी, स्पिरिटचा वास. बोटाचा एक ठसाही राहता कामा नये. काचेपलीकडे तिची खुर्ची दिसायची. लंबूचे गुडघे त्या टेबलाखाली मावत नव्हते, तो तिरका बसायचा. एखादा आलेख उघडला की डोकं खाजवायचा. काच वाजवून, अरे तो नको, आधी उष्णतेचा बघ, असं सांगावंसं तिला वाटायचं. मग ती हातातला तुकडा आणखी एकदा पुसायची.

ती घरी आली. आईने तिला दारातच उभं करून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "स्वेटर घातला नाहीस" एवढंच म्हणाली. कॉलेज सुरू झालं. प्रात्यक्षिकं, वह्या, बस. कुणी विचारलं की चिमी प्रयोगाबद्दल सांगायची, नीट, हसून. आई मात्र तिला भाजी निवडताना मध्येच थांबलेली बघायची. हातात देठ, आणि नजर भलतीकडे.

"तिकडेच आहेस अजून," आई म्हणायची.

"नाही गं."

"असू दे. मी काय रागावतेय?"

मग एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली. प्रात्यक्षिकासाठी फोन दिवसभर बंद ठेवावा लागला होता, तो चालू करायचंही राहून गेलं होतं. आई ओट्याशी उभी होती. तिच्या हालचालीत काहीतरी घाई होती.

"तुझ्या त्या उंच मुलाचा फोन आला होता," आई म्हणाली. "तुझा लागेना म्हणून माझ्यावर केला. म्हणाला, मावशी, चिमीला आधी हा आकडा सांगा, मग बाकीचं."

चिमीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही.

आईने आकडा सांगितला. दशांशासकट, आणि मागे चुकीसाठी जो वाव लिहितात त्याच्यासकट, अगदी बरोबर. टबाने मोजणाऱ्यांच्या जुन्या आकड्यांना चिकटून होता. म्हणजे भांडण मिटलं नव्हतं, उलट आणखी घट्ट झालं होतं. इतकी वर्षं, इतकी माणसं, आणि तो आकडा आता तिच्या आईच्या स्वयंपाकघरात येऊन उभा होता.

"चांगला आहे का?" आईने विचारलं.

"चांगला आहे," चिमी म्हणाली. तिचा आवाज नीट होता. मग ती स्टुलावर बसली. "कुठून बोलत होता तो?"

"तिथूनच असेल. मागे गलका होता."

"कसला?"

"आता कसला म्हणजे... माणसांचा."

"आठव ना, आई."

आईने तिच्याकडे पाहिलं आणि पळी खाली ठेवली. "खुर्च्या सरकत होत्या. कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग इतर कुणी वाजवेना म्हणून थांबला. एक बाई हसत होत्या, बऱ्याच मोठ्याने. तुमचे सर म्हणाले वाटतं, आता या आमच्या टेबलावर, असं काहीतरी."

"कळ कुणी दाबली?"

"ते नाही सांगितलं. थांब, हो. म्हणाला, कळ दाबायला कुणीच पुढे येईना. सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी सरांनी दाबली, डाव्या हाताने."

"डाव्या का?"

"उजव्या हातात चष्मा होता म्हणे."

चिमीने पिशवीचा पट्टा हातात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. बाहेर कुणाचं तरी फाटक वाजलं.

"परत सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"आकडा?"

"आकडा नको. खोलीतलं सांग."

आईने गॅस बारीक केला, हात पदराला पुसले, आणि फोन वाजला तिथपासून पुन्हा सांगायला लागली.